टिकली

पेपर चांगला जावा म्हणून आईवडिलांशी भांडणाऱ्या मुली सबिहा मुजावरने पहिल्यांदा पाहिल्या त्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत.

दुपार कलली की वसतिगृहाच्या गच्चीवर गर्दी व्हायची. प्रत्येकीच्या कानाला फोन. "तुम्ही आजवर माझं एक तरी ऐकलंय का?" "सगळं कौतुक दादाचं, मला मेलीला कोण विचारतंय!" एक मुलगी तर गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी ठरलेलं लग्न मोडून मोकळी झाली होती. रडून रडून डोळे सुजले की या मुली गुपचूप खाली उतरायच्या, पुस्तकं उघडायच्या आणि झोपताना कानशिलावर टिकली चिकटवायच्या. सकाळी भांडण कुणालाच आठवत नसे. फोनच्या पलीकडे बसलेल्या आईबापांना मात्र ते आठवत असे.

टिकली हे काही त्या वस्तूचं खरं नाव नव्हतं. खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त खोक्यावर छापलेलं असायचं. नखाएवढी, कातडीच्या रंगाची, पातळ चकती. ती लावली की वाचलेलं टिकतं म्हणून कुणीतरी तिला टिकली म्हणालं आणि मग कृष्णाकाठच्या त्या तंत्रशिक्षण संस्थेत मुलगेसुद्धा बिनदिक्कत "टिकली लावली का रे?" असं एकमेकांना विचारू लागले.

पहिल्या वर्षी निमकर मॅडमनी त्यामागचं विज्ञान वर्गात समजावून सांगितलं होतं. डॉक्टर निमकर मेंदूविज्ञानाच्या. टिकलीच्या सुरुवातीच्या चाचण्यांवर त्यांनी स्वतः काम केलं होतं.

"दिवसभर आपण जे पाहतो, वाचतो, ऐकतो, ते ओल्या सिमेंटवर उमटलेल्या पावलांसारखं असतं," त्या म्हणाल्या होत्या. "त्यातलं काय पक्कं करायचं आणि काय पुसू द्यायचं, हे मेंदू झोपेत ठरवतो. पक्कं करायला त्याला काही खास प्रथिनं लागतात आणि ती तो उठसूट तयार करत नाही. त्यासाठी दिवसात काहीतरी जोरकस घडावं लागतं. धक्का, भीती, मोठा आनंद. गंमत अशी की त्या घटनेच्या आगेमागे जे किरकोळ काही घडलेलं असतं, त्यालाही या प्रथिनांतला वाटा मिळतो. म्हणून माणसाला अपघात आठवतो, तसं त्या वेळी शेजारच्या दुकानात लागलेलं फालतू गाणंही आठवतं. टिकली एवढंच करते. गाढ झोपेत मेंदूच्या लहरींशी ताल धरून ती बारीक विद्युत संकेत सोडते आणि अपघाताच्या ताटातलं गाण्याच्या ताटात वाढते. गाण्याच्या जागी तुमचा अभ्यास धरा."

"आणि अपघाताच्या ताटात काय उरतं?" सबिहाने विचारलं होतं.

"कमी उरतं," त्या म्हणाल्या.

कमी म्हणजे किती, ते सबिहाला त्याच वर्षी कळलं. तिच्या आपाला, थोरल्या बहिणीला, मुलगी झाली, तेव्हा ती इचलकरंजीला घरी गेली. दवाखान्यात बाळ पहिल्यांदा तिच्याच मांडीवर दिलं. त्या दिवशी तिने बसून थोडा अभ्यास केला आणि सवयीने टिकली लावून झोपली. दुसऱ्या दिवशी तिला उष्मागतिकीचं प्रकरण ओळीन् ओळ पाठ होतं. बाळाला मांडीवर घेतल्याचं मात्र काहीच आठवत नव्हतं. आपाच्या फोनमध्ये फोटो होता. फोटोतली सबिहा बाळाकडे बघून रडत होती. ती कोण मुलगी आहे, असं सबिहाला वाटलं. तिने टिकल्यांचं खोकं कपाटाच्या तळाशी ढकलून दिलं.

त्याची शिक्षा तिला लगेच मिळाली. संस्थेत गुण एकमेकांच्या तुलनेत मिळत. बाकीचे वर गेले की तुम्ही आपोआप खाली. सबिहाचा पॉइंटर, म्हणजे दहापैकी सरासरी, घसरत घसरत आठाच्या खाली गेला. नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांची यंत्रं नवाच्या वरचे अर्जसुद्धा बाजूला सारत होती. थेट मुलाखतीला बोलावणं यायचं ते फक्त पूर्ण दहा असणाऱ्यांना.

तिच्या खोलीत राहणारी ओजस्वी पाटोळे अशा दहावाल्यांपैकी होती.

ओजस्वी आटपाडीची. तिचे वडील तिथल्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते आणि खो-खोचा संघ तयार करत. दर रविवारी सरांचा फोन यायचा. ते कधी मार्क विचारायचे नाहीत. "जेवलीस का? घाम निघेल असं काही केलंस का आज?" एवढंच विचारायचे आणि मग म्हणायचे, "दे बघू त्या सबिहाकडे." सबिहालाही हेच दोन प्रश्न. ओजस्वी हुशार तर होतीच, पण मनानेही सरळ होती. गच्चीवर जाऊन घरच्यांशी भांडणं तिला जमलं नाही. "खोटं रडू मला येतच नाही," ती म्हणायची. ती टिकली लावायची, पण साध्या दिवसांवर. तरीही तिचे दहा टिकून होते. मात्र शेवटच्या सत्रापर्यंत तिच्यासारखे साध्या दिवसांवर भागवणारे फारसे उरले नव्हते आणि तिला धास्ती वाटू लागली होती.

परीक्षेच्या काळात ओजस्वी आपला फोन बंद करून सबिहाच्या कपाटात ठेवायला द्यायची. म्हणून पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा फोन आला तो सबिहाला.

"सबिहा, मी शालनकाकू बोलतीय. ओजू जवळ आहे का? नसली तरच बोल."

ओजस्वी ग्रंथालयात गेली होती.

"सर गेले गं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, बोलून बोलून थकलेल्या माणसासारखा. "सकाळी मैदानावर फक्कीनं रेषा आखत होते. छातीत कळ आली. पोरं धावत येईपर्यंत संपलं. हातातला फक्कीचा डबा सांडला नव्हता बघ. नीट बाजूला ठेवला होता आधी, आणि मग खाली बसले."

सबिहाने खोलीचं दार लावून घेतलं.

"तिला सांगू नकोस. पेपर होऊ देत. सगळं उरकलंय इकडं, आता येऊन तरी काय बघणार ती? तिच्या दहासाठी ते नवस बोलले नाहीत एवढंच. तोंडानं कधी म्हणायचे नाहीत, पण मला माहितीय ना."

सबिहाने होकार दिला. ओजस्वी ग्रंथालयातून आली, पाण्याची बाटली भरली, "काय गं, तुझा चेहरा असा का?" म्हणाली, आणि सबिहाच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. काकूंना दिलेला शब्द अर्धा तासही टिकला नाही.

ओजस्वी खाली फरशीवर बसली आणि पलंगाचा पाय धरून रडली. सहा वर्षांची असताना तिला वडिलांनी पहिल्यांदा सामन्यात उतरवलं होतं, ते ती सांगत राहिली. ती घाबरून खांबाला मिठी मारून उभी राहिली आणि काही केल्या सोडेना. सगळं मैदान हसलं. सर मात्र तिच्याजवळ जाऊन खांबाच्या दुसऱ्या बाजूने मिठी मारून उभे राहिले आणि म्हणाले, सुटेल तेव्हा सुटेल, मला घाई नाही. तेव्हापासून ते तिला घरात "खांब" म्हणायचे. "खांब आला का शाळेतून?" असं.

आईचा आवाज ऐकला तर पेपर देववणार नाही, म्हणून तिने घरी फोन लावला नाही. मग पुस्तक उघडलं. "डोकं कशात तरी घालू दे, नाहीतर वेड लागेल," ती म्हणाली. सबिहाने तिला अडवलं नाही. झोपताना ओजस्वीचा हात सवयीने डबीकडे गेला, टिकली काढली, कानशिलावर दाबली. सबिहाला ते दिसलं होतं. तिच्या जिभेवर शब्दही आला होता. पण एक रात्र तरी हिला विसर पडू दे, असं तिच्या मनात आलं आणि ती गप्प राहिली.

सकाळी ओजस्वी केस विंचरताना गुणगुणत होती. "डोळे का चुरचुरतायत गं माझे? जास्त वाचलं वाटतं," असं म्हणून ती पेपराला गेली.

परत आली ती उड्या मारतच. "सबिहा, असा पेपर मी जन्मात लिहिला नव्हता! पानं डोळ्यांसमोर उघडी होती. आकृतीखालचे आकडेसुद्धा." मग ती एकदम थांबली आणि सबिहाकडे निरखून बघू लागली. ती हुशार होती, तिला वेळ लागला नाही. "काल काहीतरी झालं ना? काहीतरी मोठं?"

सबिहाने मान हलवली.

"वाईट होतं?"

"हो."

"मी रडले?"

"हो."

ओजस्वी पलंगावर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यात हिशेबही चालला होता आणि तो सबिहाला दिसत होता. "आत्ता सांगू नकोस," ती सावकाश म्हणाली. "आत्ता सांगितलंस तर वाया जाईल. उद्या दुपारी सांग. परवा दुसरा पेपर आहे."

"ओजू, तुला काय झालंय ते तरी माहितीय का? तू काय मागतीयस?"

"जे झालंय ते झालंय ना? मी आज रडले म्हणून ते बदलणार आहे का?" ओजस्वीने तिचा हात धरला. "तीन पेपर राहिलेत. मग मी आयुष्यभर रडेन. तू म्हणशील तेवढं रडेन. पण गच्चीवरच्या पोरी मला मागे टाकतील गं, आणि माझ्या बाबांना..." ती म्हणाली, "बाबांना काय वाटेल?"

सबिहाला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. पण तिने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा सांगितलं. ओजस्वी पुन्हा फरशीवर बसली, पुन्हा तसाच पलंगाचा पाय धरला. या वेळी तिला संस्थेत सोडायला आलेले वडील आठवले. परत जाताना सरांची एसटी सुटली, ही हात हलवत उभी होती, तर सर पुढच्याच थांब्यावर उतरून खेळाच्या बुटांनी धावत परत आले. तिची छत्री त्यांच्याकडेच राहिली होती. "छत्रीसाठी! तेवढ्या उन्हात!" असं म्हणत ती हसत आणि रडत होती.

संध्याकाळी तिने पुस्तक मिटलं आणि सबिहाकडे बघितलं. "तूही लाव आज. तुझ्याकडे खोकं आहे ना? आजचा दिवस तुलाही साधा गेला नसेल. पेपर चांगला जाईल आणि हे तुझ्याही डोक्यातून जाईल."

सबिहाने कपाट उघडलंसुद्धा. टिकल्यांचं खोकं हातात घेतलं. एक सकाळ कोरी मिळेल. कागदावर चार आकडे बरे दिसतील. घरी अब्बा तिच्या नोकरीची वाट बघत होते. पण दोघीही सकाळी विसरून उठल्या, तर पाटोळे सर या खोलीत आणखी एकदा मरतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, असं तिला वाटलं. तिने खोकं परत आत ठेवलं. तिला झोप लागली नाही आणि पेपर सुमारच गेला.

ओजस्वीचा उत्कृष्ट गेला.

तिसऱ्या वेळी सबिहाला स्वतःचीच भीती वाटली. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, हे तिला आता कळू लागलं होतं. ‘गेले’ म्हटल्यावर ओजस्वी सुन्न व्हायची. रडू फुटायचं ते फक्कीच्या डब्याशी. तो त्यांनी सांडू दिला नाही, नीट बाजूला ठेवला, हे ऐकलं की ती कोसळायची. आणि सबिहाने या वेळी डबा शेवटाला ठेवला होता. मुद्दाम. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण परिणाम कसा होतोय ते बघत होतो.

पण या वेळी परिणाम तितकासा झाला नाही. ओजस्वी रडली, पण लवकर थांबली. भिंतीकडे बघत म्हणाली, "मला इथे पहिल्या वर्षी सोडायला कोण आलं होतं गं? आई?"

"सर आले होते," सबिहा म्हणाली. "छत्री द्यायला धावत परत आले होते. तूच सांगितलंस."

"असेल," ओजस्वी म्हणाली, आणि तिने पुस्तक उघडलं.

तिसरा पेपर लिहून सबिहा सरळ निमकर मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. सबिहाने नाव न घेता सगळं सांगितलं. मॅडम ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलल्या.

"जुनी आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपण ती आठवतो तेव्हा ती पुन्हा ओली होते आणि झोपेत पुन्हा पक्की करावी लागते. पुन्हा प्रथिनं, पुन्हा तीच वाटणी. एरवी हे आपोआप होतं. पण टिकली लावली असेल तर..."

"तर त्या दिवशी जे जे आठवून ती रडली, तेही जाईल?"

"माणसांवर हे सिद्ध झालेलं नाही."

"पण होऊ शकतं?"

"प्राण्यांमध्ये दिसलं होतं," मॅडम म्हणाल्या. "आम्ही अहवालात लिहिलं होतं. माहितीपत्रकात ते कसं आलं, मी बघितलं नाही." त्यांनी पडदा बंद केला. "माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे इथे. तोही लावतो. सहा महिने झाले, माझ्याशी भांडतोय. मी कधी मनावर घेतलं नाही, परीक्षा संपली की गोडच वागतो."

सबिहा बाहेर आली आणि तिने शालनकाकूंना फोन लावला. "काकू, तुम्ही या. आजच निघा. मी तुमचं ऐकलं नाही, मी तिला सांगितलं. एकदा नाही, तीनदा."

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. चौथ्या पेपराचा आदला दिवस. ओजस्वीने दार उघडलं आणि "आई!" म्हणून मिठी मारली. मग मागे सरकून तिने आईकडे बघितलं. कपाळ मोकळं होतं, गळा मोकळा होता. या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

ती रडली. आईच्या कुशीत असल्यामुळे असेल, पण खूप रडली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत सरांच्या गोष्टी सांगत होत्या, लग्नातल्या, पहिल्या नोकरीतल्या, ही तापाने फणफणली होती तेव्हाच्या. ओजस्वी एकेक आठवून मान हलवत होती. सबिहाला त्यांना थांबवायचं होतं. आईने आपल्या मुलीपाशी नवऱ्याच्या आठवणी काढू नयेत, हे कोणत्या तोंडाने सांगायचं, ते तिला कळेना.

दिवेलागणीला ओजस्वीने डोळे पुसले, पुस्तक घेतलं आणि टिकलीची डबी उशाशी ठेवली.

आता सबिहा बोलली. निमकर मॅडम जे म्हणाल्या ते सगळं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. "काकू, आज हिने ती लावली तर हिचे बाबा जातील. उरलेसुरले. मला खात्री नाही, पण मी बघितलंय."

ओजस्वी आईकडे वळली. "आई, एकच पेपर. एकाच पेपरासाठी माझी चार वर्षं मातीत घालू का? बाबांना चाललं असतं?"

काकूंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. प्रवासाने आणि रडण्याने त्यांचे डोळे ओढलेले होते. "अगं सबिहा," त्या म्हणाल्या, "बाप म्हणजे काय पुस्तकातला धडा आहे का, पुसून जायला? बावीस वर्षं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली ती. एका रात्रीत कुठं जातंय ते?" त्यांनी डबी उघडली. चकती कशी लावतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ओजस्वीने जागा दाखवली. काकूंनी अंगठ्याने ती लेकीच्या कानशिलावर दाबली. "झोप. सकाळी मी आहेच."

सकाळी ओजस्वी उठायच्या आधी काकूंनी सबिहाला हलवून जागं केलं. "कुणाकडं साधी टिकली मिळेल का गं? कपाळाला लावायची." सबिहाने शेजारच्या खोलीतून आणून दिली. काकूंनी आरशासमोर उभं राहून ती लावली. गळ्यात सबिहाचीच एक मण्यांची माळ घातली. पेपराआधी पोरीला कळायला नको, म्हणून.

"आई! तू कधी आलीस?" ओजस्वी उठली आणि आनंदाने ओरडली. "बाबा नाही आले?"

"शाळा आहे त्यांची," काकू म्हणाल्या, आणि तिच्यासाठी आणलेली चकली तिच्या हातावर ठेवली.

पेपर संपेपर्यंत काकू वसतिगृहाच्या ओसरीवर बसून होत्या, शेजारी घरी जायला भरलेली सबिहाची बॅग होती. सबिहा आपला पेपर लवकर लिहून आली होती. नंतर ओजस्वी फाटकातून आली. तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. दहा कुठेच जाणार नव्हते.

"सोमवारी थेट मुलाखती आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "आई, ऐक. तू अशी अचानक आलीस म्हणजे घरी काहीतरी मोठं झालंय. सबिहाच्या तोंडावरूनही दिसतंय. पण आत्ता सांगू नका दोघीही. मुलाखतीआधी कंपनीची सगळी माहिती पाठ करायचीय. रविवारी दुपारी सांगा."

काकूंचा हात कपाळाकडे गेला. त्यांनी टिकली काढली आणि ओसरीच्या खांबाला चिकटवून टाकली. "तुझे बाबा गेले, ओजू," त्या म्हणाल्या. "आठवडा झाला. मी रविवारपर्यंत थांबणार नाही."

सबिहा पुढे झाली. ओजस्वी कोसळेल, तेव्हा तिला धरायला. ओसरीवर मुली येत-जात होत्या, कुणीतरी बॅगा ओढत होतं. ओजस्वी उभीच राहिली. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, एखाद्या अवघड प्रश्नावर पडते तशी.

"कसे?" तिने विचारलं.

"मैदानावर. हृदय बंद पडलं."

"अरेरे," ओजस्वी म्हणाली. ती वाट बघत राहिली. आपल्या आत काहीतरी वर येईल म्हणून ती वाट बघतेय, हे सबिहाला स्पष्ट दिसत होतं. काही आलं नाही. "वय किती होतं त्यांचं? चोपन्न ना? खेळाचे शिक्षक... आटपाडीच्या हायस्कुलात." फॉर्म भरण्यापुरते वडील तिला आठवत होते. मग ती घाबरली. "आई, मला रडू का येत नाहीये? ते माझ्याशी वाईट वागायचे का?"

काकूंनी तोंडावर पदर घेतला. त्यांच्या घशातून निघालेला आवाज ऐकून ओसरीवरच्या मुली जागच्या जागी थांबल्या. ओजस्वी आईजवळ बसली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिची समजूत घालू लागली, दुसऱ्या कुणाच्या घरी दुखवट्याला गेल्यासारखी.

बऱ्याच वेळाने काकूंनी डोळे पुसले आणि सबिहाकडे पाहिलं. "तुला तिनं सांगितलंय ना त्यांच्याबद्दल? रडताना?"

"हो."

"मला माझा नवरा माहितीय. तिचा बाप तिलाच माहीत होता," काकू म्हणाल्या. "तू चल आमच्याबरोबर."

आटपाडीच्या गाडीत सबिहा आणि ओजस्वी शेजारी बसल्या. काकू पुढच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून. गाडीने कृष्णेचा पूल ओलांडला. ओजस्वीने पर्समधून टिकलीची डबी काढली, हातात थोडा वेळ धरली आणि विचारलं, "ही तुझ्याकडे ठेवतेस? सोमवारपर्यंत?"

सोमवारपर्यंत. सबिहाने डबी घेतली आणि बॅगेत टाकली.

"मग सांग," ओजस्वी तिच्याकडे वळून बसली. वर्गात पहिल्या बाकावर बसते तशी, ताठ, एकेक शब्द टिपून घ्यायला तयार. "कसे होते ते?"

सबिहाने तोंड उघडलं. आठवडाभरात तिने हे मरण किती वेळा सांगितलं होतं, आणि ते सांगण्यात ती किती तरबेज झाली होती. जिवंत माणूस सांगायला मात्र तिला सुरुवातच सापडेना.